मशीन लावायच्या आधीची पाच मिनिटं

कपडे मशीनमध्ये विरतात ते जास्त करून एकमेकांवर घासून, त्यामुळे अर्धं काम बटण दाबायच्या आधीच करायचं असतं. पहिले खिसे बघा. नाणी, पेन, आणि मुख्य म्हणजे तो टिश्यू, जो नंतर काळ्या पँटवर चुरा होऊन बसतो (मी अजूनही विसरते). मग चेन लावा, ब्राचे हुक अडकवा, ट्रॅकपँटची नाडी बांधा, शर्टाची बटणं मात्र उघडीच ठेवा, कारण लावलेली असली की ड्रममधल्या ओढाताणीत काजं सैल होतात. लोंबणारा दोरा ओढू नका, कात्रीने कापा. उसवलं असेल तिथे आधी दोन टाके घाला, नाहीतर बोटाएवढं भोक तळहाताएवढं होऊन बाहेर येतं.

जीन्स, गडद टी-शर्ट, प्रिंटवाले कपडे उलटे करून टाका.

आता रंगाप्रमाणे कपडे वेगळे सगळेच करतात, वजनाप्रमाणे कोणी करत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. ओली जीन्स चांगलीच जड होते, वर तिची धातूची चेन आणि रिव्हेट्स, तिच्यासोबत पातळ टॉप फिरला की त्याचं काय होणार सांगा. म्हणून जाड जाडासोबत, पातळ पातळासोबत, टॉवेल वेगळे कारण ते लव सोडतात. नाजूक कपडे जाळीच्या पिशवीत, पण पिशवी कोंबून भरू नका, आत हलायला जागा हवी. पिशवी नसेल तर उशीचा जुना अभ्रा तोंड बांधून चालतो.

फ्रंट लोड असेल तर कपड्यांच्या वर हात आडवा जाईल एवढी जागा ठेवा, आणि दाराच्या रबराच्या घडीत सेफ्टीपिन वगैरे अडकलीय का बघून घ्या. तरीही बारीक भोकं पडतच असतील तर मशीन बंद असताना जुना नायलॉनचा मोजा हातात घालून ड्रमच्या आतून फिरवा, जिथे अटकेल तिथे धार आहे समजा.

लोकर आणि रेशमाला नेहमीची पावडर नको, तिच्यात बऱ्याचदा डागांसाठी प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स घातलेली असतात आणि हे दोन्ही धागे प्रोटीनचेच. लेबलवर चालेल म्हटलं असेल तरच मशीनमध्ये, 30 डिग्री, स्पिन कमी. सॉफ्टनर टॉवेलला आणि जिमच्या कपड्यांना घालूच नका, पाणी-घाम शोषणं कमी होतं.