जुन्या मोटारी आणि मोटारसायकलींची छायाचित्रे इतरांना पाठवण्यापूर्वी

जुन्या मोटारीचे किंवा मोटारसायकलचे छायाचित्र हाती आले, की ते आधी उलटे करून त्याची पाठ पाहावी. पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव, स्टुडिओचा शिक्का, अर्धवट पुसलेली तारीख असा ओळख पटवणारा भक्कम पुरावा पुष्कळदा तिथेच असतो. आणि छायाचित्र दुसऱ्याला पाठवताना नेमकी तीच बाजू मागे राहते. पुढे ते चार जणांच्या हातून फिरते आणि कुठली गाडी, कोणाची, केव्हाची हे सांगणारे कोणी उरत नाही. छायाचित्र आणि त्याची माहिती यांची ताटातूट होऊ न देणे हेच या छंदातले खरे काम आहे, असे मी मानतो.

अल्बममधील छायाचित्रे सुटी करण्यापूर्वी प्रत्येक पानाचे जसेच्या तसे छायाचित्र घ्यावे, कारण कोणत्या चित्राशेजारी कोणते चित्र लावले होते यावरूनही काळ आणि प्रसंग कळतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये छायाचित्र घट्ट बसले असेल तर ते ओढून काढू नये, पानासकट स्कॅन करावे. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती खराब होऊ लागली आहे असे समजून बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी आणि तिचे स्कॅनिंग सर्वांत आधी उरकावे.

साध्या छापील छायाचित्रासाठी ६०० डीपीआय, म्हणजे स्कॅनरने दर इंचात टिपलेले ६०० ठिपके, पुरेसे असतात. जुन्या रोल फिल्मच्या निगेटिव्हवरून थेट, म्हणजे मोठे न करता छापलेल्या ६ × ९ सेंटिमीटरच्या छोट्या प्रतींत मात्र आश्चर्य वाटावे इतका बारीक तपशील असतो. त्यांच्यासाठी १२०० डीपीआय ठेवावे. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह किंवा स्लाइड असेल तर २४०० ते ४००० डीपीआय लागते. छायाचित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीतच करावे, म्हणजे शाईचा लेख, कागदाचा पिवळेपणा आणि डाग वेगवेगळे ओळखू येतात. पांढरी किनार कापू नये. स्कॅनरमधील धूळ काढण्याची आणि रेषा धारदार करण्याची आपोआप चालणारी सोय बंद ठेवावी, कारण चाकाचे बारीक स्पोक आणि टाकीवरची अक्षरे यांनाही ती धूळ समजून पुसून टाकू शकते. मूळ फाइल टिफ या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात, चित्रात काहीही फेरफार न करता जपावी आणि पाठवण्यासाठी तिची जेपेग ही आकाराने लहान प्रत काढावी. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल छायाचित्राला अगदी समांतर धरून काम भागते.

यानंतर चित्र उलट-सुलट झालेले नाही ना, हे तपासावे. निगेटिव्ह पालथी ठेवून केलेला स्कॅन आरशातल्यासारखा उलटा येतो, आणि गाड्यांच्या बाबतीत त्याने मोठा घोटाळा होतो. नंबरप्लेट किंवा पाटीवरची अक्षरे दिसत असतील तर प्रश्नच नाही; नसतील तर पुरुषांच्या कोटाची बटणे पाहावीत, कारण त्यात घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते. स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे यावर मात्र विसंबू नये. रस्त्याच्या उजवीकडून वाहने चालवणाऱ्या फ्रान्स आणि इटलीतही बुगाती, लान्चिया यांसारख्या कंपन्यांनी उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या कितीतरी वर्षे बनवल्या.

ओळख पटवताना संपूर्ण गाडीकडे एकदम पाहण्याऐवजी एकेका भागाकडे पाहावे. फोक्सवागन बीटलच्या मागच्या काचेचे उदाहरण यासाठी उत्तम आहे: १९५३च्या मार्चपर्यंत ती मधल्या पट्टीने दुभागलेली होती, त्यानंतर अखंड लंबगोल झाली आणि १९५८च्या मॉडेलपासून बरीच मोठी व चौकोनी झाली. मॉरिस मायनरची पुढची काच १९५६पर्यंत दोन तुकड्यांची होती. फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली. तिचा रेडिएटर पितळी असेल तर ती १९१६ किंवा त्यापूर्वीची, आणि काळा असेल तर १९१७च्या मॉडेलपासून पुढची. मोटारसायकलींमध्ये टाकी आणि पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरून ठेवणारा दुभागी सांगाडा, सर्वांत जास्त बोलतात. फ्रेमच्या दोन आडव्या नळ्यांमध्ये बसवलेली चपटी टाकी १९२०च्या दशकाच्या अखेरीस मागे पडली आणि नळीवर खोगिरासारखी बसणारी टाकी आली. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या मॉडेलवर तेलाने धक्के शोषणारा टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, फोर्क आणला, परंतु इतर अनेक कंपन्यांनी बाहेरून स्प्रिंग दिसणारा गर्डर फोर्क त्यानंतरही बरीच वर्षे वापरला; म्हणून गर्डर फोर्क दिसला की गाडी १९३५पूर्वीची, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

इथे एक फरक मनात पक्का असू द्यावा: गाडीचे वर्ष वेगळे आणि छायाचित्राचे वर्ष वेगळे. १९३२ची मोटार १९५५ साली कोणीतरी अंगणात उभी करून टिपलेली असू शकते. चौकटीत दिसणारी सर्वांत नवी वस्तू, मग ती मागे उभी असलेली दुसरी गाडी असो की बदलून बसवलेला हेडलाइट, छायाचित्र त्यापूर्वीचे नाही एवढे खात्रीने सांगते. म्हणूनच गाडी ठळक दिसावी या हेतूने चित्राच्या कडा कापणे मला अजिबात मान्य नाही. कडेला अर्धवट दिसणारी पाटी, रस्त्याकडेचा मैलाचा दगड, बाजूला उभ्या माणसाचे कपडे यांवरून जाणकार माणूस स्थळ आणि काळ सांगू शकतो. नंबरप्लेटही खूप काही सांगते. ब्रिटनमध्ये १९६३पासून क्रमांकाच्या शेवटी वर्षदर्शक अक्षर येऊ लागले, आणि तिथल्या मोटारसायकलींवर पुढच्या मडगार्डवरची आडवी पट्टी १९७५पर्यंत सक्तीची होती.

छायाचित्राच्या कागदाकडे आणि फिल्मकडेही पुरावा म्हणून पाहावे. कोडॅकने १९१४ साली अशी सोय असलेले कॅमेरे आणले, की छायाचित्र घेतल्याबरोबर मागची छोटी झडप उघडून फिल्मवरच मजकूर लिहिता येई. अशा निगेटिव्हच्या कडेला गाडीचे नाव किंवा तारीख हस्ताक्षरात सापडली, तर त्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मची स्लाइड असेल तर ती १९३५पूर्वीची असू शकत नाही.

रंगाविषयी बोलताना विशेष जपावे. सुरुवातीच्या अनेक फिल्म लाल रंगाला जवळजवळ दाद देत नसत आणि निळ्याला फार संवेदनशील असत. त्यामुळे लाल मोटार काळी दिसते आणि निळी मोटार फिकट, कधी पांढरीसुद्धा वाटते. कृष्णधवल चित्र पाहून ‘गाडी काळी होती’ असे लिहिण्याला काही आधार नसतो. संगणकाकडून भरून घेतलेला रंग हाही अंदाजच असतो, आणि असे चित्र पाठवायचे असेल तर मूळ चित्र सोबत जोडून तसे स्पष्ट लिहावे. शर्यतीच्या चित्रांत चाके लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकलेली दिसतात, तीही खरोखर वाकडी नसतात. कॅमेऱ्यातील शटरच्या पडद्याची फट फिल्मवरून सरकत असताना गाडी पुढे गेलेली असते, म्हणून चाकाचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी टिपला जातो. लार्तीग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या शर्यतीच्या चित्रात हा परिणाम फार सुंदर उतरला आहे. तो दोष समजून कोणी संगणकावर सरळ करू नये.

आता छायाचित्रासोबतची माहितीची ओळ लिहिण्याविषयी. पाहिलेले, लिहिलेले सापडलेले आणि आपण ताडलेले या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडाव्यात. उदाहरणार्थ: ‘फोर्ड मॉडेल टी, उघडी टूरिंग बॉडी. काळ्या रेडिएटरवरून १९१७ किंवा नंतरचे मॉडेल असावे, हा माझा अंदाज. मागे शाईने “मार्च १९२४” असे लिहिले आहे. चालक आणि छायाचित्रकार अज्ञात. घरच्या अल्बममधील मूळ प्रतीवरून पूर्ण स्कॅन, दुरुस्ती केलेली नाही.’ ‘व्हिंटेज’ हा शब्द ब्रिटिश वापरात काटेकोरपणे १९१९ ते १९३० या काळातील मोटारींसाठी आहे. तेव्हा सरसकट तो शब्द लावण्यापेक्षा वर्ष लिहावे. हीच ओळ फाइलच्या अंतर्गत माहितीतही भरावी. मात्र पुष्कळ अ‍ॅप ती माहिती गाळून टाकतात आणि चित्रही दाबून लहान करतात, म्हणून चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि ओळ सोबत वेगळी लिहावी.

छापील प्रत आपल्या मालकीची असली म्हणजे छायाचित्राचे हक्क आपले होतात असे नाही. अनेक देशांत ते छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षे टिकतात. छायाचित्रकाराचे नाव माहीत असेल तर ते द्यावेच, आणि दुसऱ्याकडून आलेले चित्र त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. गाडी आजही कोणाच्या घरी असेल, तर तिचा ठावठिकाणा मालकाच्या संमतीशिवाय सांगू नये.

कोणी ओळख दुरुस्त करून दिली, तर कशावरून ओळखले हे त्यांना आवर्जून विचारावे आणि कारणासह, तारीख घालून नवी नोंद जोडावी; जुना अंदाज खोडू नये, कारण दुरुस्तीही कधी चुकते आणि मग मागे जाऊन पाहता आले पाहिजे. ती नोंद मूळ टिफ फाइलच्या अंतर्गत माहितीत आणि छायाचित्र ठेवलेल्या पाकिटावरही करावी. पाकिटावर लिहिताना मऊ पेन्सिल वापरावी, आणि छायाचित्र आत सरकवण्यापूर्वीच लिहून घ्यावे, म्हणजे अक्षरांचा दाब समोरच्या बाजूवर उमटत नाही.