कॅनिस्टर फिल्टर: बंद डब्यात घडणाऱ्या या चुका टाळा

तीन फुटी किंवा त्याहून मोठी मत्स्यटाकी घरी आली की काही महिन्यांत कॅनिस्टर फिल्टरचा विचार सुरू होतो. टाकीखालच्या कपाटात ठेवलेला हा बंद डबा टाकीतले पाणी नळीने खाली घेतो, आतल्या स्पंजमधून आणि सिरॅमिकच्या कड्यांमधून फिरवतो आणि झाकणातल्या पंपाच्या जोरावर पुन्हा वर पाठवतो. टाकीत यंत्र दिसत नाही, आवाज जवळजवळ नसतो आणि माध्यम, म्हणजे हे स्पंज आणि कडी, भरायला भरपूर जागा मिळते. या सोयींच्या बदल्यात एक गोष्ट मात्र आपल्या हातून जाते. साध्या स्पंज फिल्टरमध्ये किंवा काठावर टांगायच्या फिल्टरमध्ये काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. इथे पाण्याचा वेग मंदावला, गाळ साठला किंवा आतला प्राणवायू संपला तरी बाहेरून डबा तसाच शांत दिसतो. गेल्या अनेक वर्षांत स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या टाक्यांवर ज्या चुका मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या न दिसण्यात आहे.

खोक्यावरचा आकडा खरा मानणे

खोक्यावर ‘ताशी १२०० लिटर’ असे छापलेले असते. तो आकडा बहुतेक वेळा रिकाम्या डब्यासह, पंपाच्या मोकळ्या क्षमतेवर मोजलेला असतो. माध्यम भरून, दीड मीटर नळ्या जोडून आणि महिनाभराचा गाळ साठल्यावर प्रत्यक्ष प्रवाह त्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांशापर्यंत उतरणे सामान्य आहे. म्हणून आधी टाकीतले खरे पाणी मोजावे. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीचे घनफळ पावणेसात घनफूट, म्हणजे सुमारे १९० लिटर भरते. पण काठाखाली सोडलेली जागा, वाळू, दगड आणि लाकूड वजा केल्यास पाणी १६० लिटरच्या आसपास उरते. मिश्र जातींच्या गोड्या पाण्यातल्या टाकीला तासाला चार ते सहा फेरे (टाकीतले सगळे पाणी फिल्टरमधून एकदा जाणे म्हणजे एक फेरा) पुरेसे होतात, म्हणजे या टाकीला प्रत्यक्षात ताशी ८०० लिटर हवे आणि त्यासाठी खोक्यावर १२०० ते १४०० लिटर लिहिलेला फिल्टर घ्यावा लागतो. गोल्डफिश खूप घाण करतात, त्यांच्यासाठी याहून जास्त धरावे. फायटरसारख्या संथ पाण्यातल्या माशाला मात्र जोरदार प्रवाह सोसत नाही, त्याच्या छोट्या टाकीसाठी कॅनिस्टरच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवल्यानंतर प्रवाह एकदा प्रत्यक्ष मोजून तो लिहून ठेवावा. परतीच्या नळीचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीशीच धरून दोन लिटरचा जग भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे. नऊ सेकंद लागले तर प्रवाह ताशी ८०० लिटर आहे. नळी खाली जमिनीवरच्या बादलीत सोडून मोजू नये, कारण मग पाण्याच्या स्वतःच्या उताराचा जोर त्यात मिसळतो आणि आकडा फुगतो. दर महिन्याला हीच मोजणी केली की डबा केव्हा उघडायचा, हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

कपाट न मोजता खरेदी करणे

डब्याची उंची मोजून लोक समाधानी होतात आणि नंतर लक्षात येते की झाकण वर उचलून आतले ट्रे बाहेर काढायला कपाटात जागाच नाही. कपाटाच्या मागच्या भोकातून नळ्या वळताना मुरडल्या तर प्रवाह तिथेच मरतो. नळी गरज असेल तेवढीच ठेवून कापावी. उरलेल्या नळीचे वेटोळे कपाटात सोडले की त्याच्या वरच्या वळणात हवा अडकते. नळी जोडावर बसत नसेल तर तिचे टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवावे. तेल किंवा साबण लावू नये. डबा टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या खाली असलाच पाहिजे, आणि किती खाली चालेल याची मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते. पहिल्यांदा सुरू करताना डबा पाण्याने भरूनच झाकण लावावे, म्हणजे हवा बाहेर काढण्यासाठी वरचे बटण पुन्हा पुन्हा दाबत बसावे लागत नाही. पहिल्या दिवशी थोडी खरखर ऐकू येते, ती आत अडकलेल्या हवेची असते. डबा हळूच तिरपा करून हलवला की ती निघून जाते. खरखर दोन दिवसांनंतरही टिकली, तर शोषनळीच्या जोडातून हवा आत येत आहे किंवा एअर पंपाचा बुडबुड्यांचा दगड शोषनळीच्या तोंडाशी ठेवला गेला आहे असे समजून तपासावे.

प्रवाह कमी करायचा असेल तर परतीच्या बाजूचीच चावी फिरवावी. शोषणाच्या बाजूची चावी आवळल्यास पंपाला पाणी अपुरे पडते, आत बुडबुडे तयार होतात आणि पंपात फिरणाऱ्या पंख्याची झीज वाढते.

माध्यमांचा उलटा क्रम

बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी तळापर्यंत जाते आणि तिथून ट्रेमधून वर चढते, म्हणून सगळ्यात खालचा ट्रे पाण्याला सगळ्यात आधी लागतो. तिथे मोठ्या छिद्रांचा जाड स्पंज, त्याच्यावर बारीक स्पंज, मग सिरॅमिकची कडी किंवा तत्सम सच्छिद्र माध्यम आणि सगळ्यात वर फिल्टरसाठी मिळणाऱ्या पांढऱ्या कापसाचा पातळ थर, हा क्रम चालतो. पांढरा कापूस तळाशी घातला तर तो आठवड्याभरात चोंदतो आणि मग पाणी त्याच्या कडेने वाट काढून माध्यमाला स्पर्श न करताच वर जाते. पाणी स्वच्छ दिसते, पंप चालू असतो, पण शुद्धीकरण थांबलेले असते. आपल्या यंत्रात पाणी कोणत्या दिशेने फिरते हे ट्रे भरण्यापूर्वी पुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण काही यंत्रांची रचना वेगळी असते.

फिल्टरमध्ये घालायचा सक्रिय कोळसा (ॲक्टिव्हेटेड कार्बन) सदैव ठेवण्याची गरज नाही. तो तीन-चार आठवड्यांत भरून जातो आणि औषध चालू असताना ठेवला तर औषधच शोषून घेतो. ती जागा जिवाणूंच्या माध्यमाला द्यावी.

जुना फिल्टर त्याच दिवशी काढणे

नव्या डब्यातली कडी पहिल्या दिवशी केवळ भाजलेली माती असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्यांच्यावर वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चालत्या टाकीचा जुना फिल्टर काढून त्या जागी कॅनिस्टर लावला, की जिवाणूंची सगळी वस्तीच घराबाहेर जाते आणि आठवड्याभरात मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकू लागतात. दोन्ही फिल्टर निदान महिनाभर एकत्र चालवावेत किंवा जुन्या फिल्टरचा न धुतलेला स्पंज नव्या डब्यात ठेवावा. टाकी नवीनच असेल, तर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत चाचणीच्या थेंबांवर भरवसा ठेवावा, पाण्याच्या पारदर्शकतेवर ठेवू नये.

वीज गेल्यावर काहीच न करणे

माझ्या मते महाराष्ट्रात सर्वाधिक मासे या एका चुकीमुळे दगावत असावेत, म्हणून इथे थोडे थांबतो. अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. वीज जाऊन पाणी थांबले की डब्यातल्या थोड्याशा पाण्यातला प्राणवायू काही तासांतच संपतो. साठलेला गाळ कुजवणारे इतर जिवाणू त्याच साठ्यावर जगत असल्यामुळे, डबा जितका घाणेरडा तितका तो लवकर संपतो. उन्हाळ्यात हा वेळ आणखी कमी होतो. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर उतरतो आणि त्याच वेळी जिवाणूंची भूक मात्र वाढलेली असते. त्यानंतर आत कुजण्याची क्रिया सुरू होते आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो.

खरा धोका वीज परत येते त्या क्षणी असतो. बटण चालूच राहिलेले असते, घरी कोणी नसते आणि पंप ती सगळी काळपट घाण थेट माशांच्या अंगावर सोडतो. देखभालीसाठी दिवसभर वीज बंद राहिलेल्या एका उन्हाळी दिवशी मी कामावरून परतलो, तेव्हा टाकीतले पाणी राखाडी झाले होते आणि तळाशी राहणाऱ्या सहा कोरिडोरस माशांपैकी चार आडवे पडले होते. त्या सकाळी निघताना एक बटण बंद केले असते तर ते चारही वाचले असते, हे मला आजही बोचते.

वीज जाणार असल्याची सूचना आधी आली असेल तर घरातून निघतानाच फिल्टरचे बटण बंद करावे. वीज तास-दोन तासांहून जास्त गेली तर डब्याचे झाकण उघडावे, ट्रे बाहेर काढून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पसरट टबात ठेवावेत आणि त्यात बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपाचा बुडबुड्यांचा दगड सोडावा. टब नसेल तर सिरॅमिकची कडी जाळीच्या पिशवीत भरून टाकीतच सोडली तरी चालते. बरेच तास डबा बंद राहिला असेल, तर त्यातले पाणी ओतून द्यावे, माध्यम टाकीच्या पाण्यात हलके खळबळून घ्यावे आणि मगच पंप सुरू करावा. त्यानंतर दोन-तीन दिवस खाद्य निम्मे करून अमोनिया रोज तपासावा.

घरात इन्व्हर्टर असेल तर फिल्टर त्यावर घेणे सर्वांत उत्तम. मध्यम आकाराचा कॅनिस्टर एका छोट्या दिव्याइतकी, साधारण दहा ते पंचवीस वॉट वीज खातो. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर हे पंप गुणगुणतात आणि तापतात.

नळाखाली धुणे आणि सगळे एकदम बदलणे

महापालिकेच्या पाण्यातले क्लोरीन आपल्याला रोगजंतूंपासून वाचवते, तसेच ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते. पाणी बदलताना काढलेल्या बादलीभर टाकीच्या पाण्यातच स्पंज पिळावा. सिरॅमिकची कडी फक्त हलवून घ्यावीत, घासू नयेत. ती तुकडे होईपर्यंत वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे ‘सहा महिन्यांनी बदला’ हा दुकानदाराचा सल्ला मानण्याचे कारण नाही. झिजलेला स्पंज बदलायचाच असेल, तर एका वेळी एकच बदलावा. पंखा आणि नळ्यांचा आतला भाग मात्र ब्रशने नीट साफ करावा, कारण प्रवाह घटण्याचे कारण पुष्कळदा नळीतल्या चिकट थरात असते. पंख्याचा सिरॅमिक दांडा नाजूक असतो, तो ओढून काढू नये. पाणी बदलताना फिल्टर आधी बंद करावा, नाहीतर पातळी शोषनळीच्या तोंडाखाली जाऊन आत हवा भरते.

फिल्टर कितीही मोठा असला तरी नायट्रेट पाण्यातच राहते, त्यामुळे आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे चुकत नाही. इथे एक बारकावा आहे. जिवाणूंच्या या कामात पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देणारी क्षमता, खर्च होते: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे सात ग्रॅम. मुंबईसारख्या शहरांना मिळणारे धरणांचे पाणी मऊ असते, त्यात ही शिल्लक मुळातच कमी. पाणी बदलायचा कंटाळा केला तर पीएच घसरत जातो, सहाच्या आसपास जिवाणू सुस्तावतात आणि मोठा, महाग कॅनिस्टर असूनही अमोनिया चढू लागतो. अशा वेळी एकदम अर्धी टाकी बदलू नये, कारण पीएच झटक्यात वर गेला की आतापर्यंत तुलनेने निरुपद्रवी रूपात असलेला अमोनिया विषारी रूपात जातो. रोज दहा टक्के बदलावे आणि डब्यात मूठभर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवावा. बोअरवेलच्या जड पाण्यावर ही अडचण सहसा येत नाही.

झाकण घाईत लावणे

गळती बहुतेक वेळा साफसफाईनंतरच सुरू होते. झाकणाच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, वाळूचा एक कण राहिला तरी पुरे. रिंग आणि तिची खाच दोन्ही ओल्या कापडाने पुसावीत आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा; व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर फुगते. समोरासमोरचे क्लिप एकाच वेळी लावावेत. विजेची वायर बटणाच्या बोर्डाकडे सरळ न नेता खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते, बोर्डात शिरत नाही; आणि त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) संरक्षण असलेच पाहिजे. डबा कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून रात्र काढावी. सकाळी कागदावर ओला डाग उमटला असेल, तर तो डब्याच्या कोणत्या बाजूला आहे यावरून दोष त्या क्लिपजवळ आहे की नळीच्या जोडात, याचा बराचसा अंदाज येतो.