भाजीपाल्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा कसा चोळावा

मिरची-टोमॅटोची रोपं दोन पानांवर येतात आणि एका सकाळी गादीवाफ्यावर आडवी पडलेली दिसतात. एखादं उपटून पाहा. जमिनीलगत खोड पाणचट, तपकिरी आणि सुतळीसारखं बारीक झालेलं असतं. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचं हे काम. बियाण्याला चोळलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुळांभोवती आधी जागा धरते, रोगाच्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालते आणि त्यांच्यावरच पोसते.

पाकिटावरची अंतिम तारीख आधी वाचा. आत जिवंत बीजाणू असतात, म्हणून पाकीट उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका.

भेंडी, गवारीच्या एक किलो बियाण्याला 5 ते 10 ग्रॅम पावडर पुरते. वाटीभर पाण्यात थोडा गूळ उकळून घ्या आणि पूर्ण गार होऊ द्या. कढत दुधात आपण विरजण घालत नाही, तसंच हे. बियाणं प्लास्टिकच्या कागदावर पसरून त्यावर हे पाणी शिंपडा. दाणा चकचकीत दिसला की थांबा. दाण्यांचे गोळे होऊ लागले तर पाणी जास्त झालं. मग तोंडाला रुमाल, हातात मोजे घालून पावडर भुरभुरवा आणि हलक्या हाताने चोळा. भेंडीच्या काळपट हिरव्या दाण्यावर सगळीकडे फिकट थर बसला पाहिजे. अर्धा तास सावलीत गोणपाटावर सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

विकतचं संकरित बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्यावर बहुधा बुरशीनाशक असतं. ट्रायकोडर्माही शेवटी बुरशीच, तिलाही ते बाधू शकतं. अशा वेळी बियाण्याचा नाद सोडा. लागवडीच्या वेळी लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम पावडर कालवून रोपांची मुळं दहा-पंधरा मिनिटं बुडवा. किंवा 100 किलो कुजलेल्या शेणखतात 1 किलो मिसळून, ओलं गोणपाट झाकून, दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवा आणि तेच खत वाफ्यात घाला. मला हा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो.

त्यानंतर लगेच कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करू नका, म्हणजे त्याचं पाणी मुळाशी ओतू नका, ते ट्रायकोडर्मालाही मारतं. आणि वाफ्यात पाणी साचत असेल तर आधी चर काढा, कारण पिथियम पाण्यातच फोफावतं.