झेनिट-ई घ्यायचा असेल तर

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत निकॉन, पेंटॅक्स, कॅनन सगळ्यांना माहीत असतात. माझा जीव मात्र काकांच्या झेनिट-ई वर आहे. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला १९६५ पासून बनू लागलेला हा कॅमेरा चांगलाच जड आहे, आणि त्याला बॅटरी लागतच नाही.

विकत घेताना आधी लेन्स काढा. ती आट्यांची आहे, फिरवली की निघते. पाठचं झाकण उघडून कॅमेरा खिडकीसमोर धरा आणि १/५०० सेकंदाच्या स्पीडवर शटर मारून बघा. पूर्ण चौकोन उजेडाचा दिसला पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर शटरचे कापडी पडदे अडकताहेत, तो कॅमेरा सोडून द्या. मग लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी.

रोल भरताना घाई नको. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या गल्लीपासून कोपिनेश्वर मंदिरापर्यंत गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचे मी छत्तीस फोटो काढले आणि धुतल्यावर फिल्म कोरी निघाली. रोलचं टोक स्पूलमध्ये, म्हणजे फिल्म गुंडाळणाऱ्या चकरीत, अडकलंच नव्हतं. तेव्हापासून फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची घुंडी उलटी फिरतेय का, हे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. फोटोंचा आकडाही दर रोलला हातानेच शून्यावर आणावा लागतो.

खरी गंमत हेलिऑस ४४-२ लेन्सची. ५८ मिमी, एफ/२, जर्मन बायोटार लेन्सच्या धर्तीवरची. तिला ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची, दोन कडी आहेत. एकावर हवं ते ॲपर्चर ठरवायचं, समजा एफ/८ (आकडा मोठा तितकं भोक लहान). दुसरं मोकळं, ते पूर्ण उघडून लख्ख उजेडात फोकस करायचा, मग अडेपर्यंत फिरवायचं. व्ह्यूफाइंडर अंधारतो. तो अंधारला, की मगच बटन दाबा. हे विसरलात तर फोटो पांढराफटक. चार-पाच रोलनंतर बोटं आपोआप फिरतात.

उजेड मोजणारा सेलेनियमचा मीटर इतक्या वर्षांत मंदावलेला असतो. मी त्याच्यावर विसंबत नाही. आयएसओ ४०० चा रोल असेल तर कडक उन्हात १/५०० आणि एफ/१६, दाट ढगांत त्याच स्पीडला एफ/५.६. तलावपाळीवर दिवे लागल्यावर १/३० आणि एफ/२, कोपर कठड्यावर टेकवून. बी (बटन दाबून धरलं तोवर शटर उघडं) सोडलं तर त्याहून हळू स्पीड या कॅमेऱ्यात नाही.

आता पावसाळा. ठाण्यातली दमट हवा कॅमेऱ्याची वैरीण आहे. चामड्याचं कव्हर दिसायला देखणं, पण ते ओल धरून ठेवतं. कॅमेरा त्यात कधीच ठेवू नका. मी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा. तो चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहावा. जेलचे केशरी दाणे ओल शोषून हिरवे पडले की ते मंद ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात. आणि जुलै-ऑगस्टात रोल नसला तरी दर रविवारी कॅमेरा बाहेर काढून प्रत्येक स्पीडवर पाच-सहा वेळा शटर मारतो, नाहीतर आतलं जुनं तेल घट्ट होऊन पडदे पुन्हा अडकायला लागतात.