चिकन परतायला घेतलं अन् पाणी सुटलं? या चुका टाळा

कढईत चिकन पडतं, मिनिटभर चर्रर्र होतं, आणि मग आवाज बदलतो. चर्रर्रची रटरट होते. बुडाशी पांढुरकं पाणी जमतं, तुकडे आकसून रबरासारखे होतात, आटेपर्यंत ढोबळी मिरची लिबलिबीत होऊन जाते. वीस मिनिटांचं काम चाळीसवर जातं आणि ताटात पडतं ते धड परतलेलंही नसतं, धड रस्साही नसतो.

विदर्भातला हात रश्श्यावर बसलेला आहे. कांदा-खोबरं भाजायचं, वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग गरम पाणी ओतून निवांत शिजू द्यायचं. त्यात पाणी आपण ओततो. स्टर-फ्रायमध्ये, म्हणजे मोठ्या आचेवर झटपट परतण्यात, ते न बोलावता येतं, आणि खालच्या बहुतेक चुका त्या पाण्याला वाट करून देण्याच्याच आहेत.

चार माणसांचं प्रमाण आधी सांगून ठेवतो: बोनलेस चिकन 500 ग्रॅम, चिरलेल्या भाज्या 400 ग्रॅम, तेल 3 मोठे चमचे, लसणाच्या 8-10 पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं अद्रक. मोठा चमचा म्हणजे 15 मिली, छोटा म्हणजे 5.

गावरान कोंबडी यासाठी नाही

गावरानची चव मोठी, पण ती हिंडून-फिरून वाढलेली असते. स्नायू घट्ट, हाडामांसाला धरून ठेवणारा चिवट भाग जास्त. तो मऊ पडायला तास-दीड तासाची मंद आच लागते. पाच मिनिटांच्या मोठ्या जाळावर गावरान कोंबडी फक्त दातांची परीक्षा पाहते. तिचा रस्साच करावा. इथं ब्रॉयलर घ्या. दुकानदाराला ‘छातीचं बोनलेस’ सांगितलं की बहुतेक ठिकाणी काढून देतात. मांडीचं बोनलेस मिळालं तर जास्त चांगलं. त्यात चरबी असल्यामुळे मिनिटभर जास्त झालं तरी कोरडं पडत नाही. नवख्या हाताने मांडीवरच सुरुवात करावी.

उभं कापणं

छातीचा तुकडा पाटावर ठेवून नीट पाहा. मांसात बारीक रेषा एकाच दिशेने जाताना दिसतील. त्या रेषांच्या दिशेने पट्ट्या काढल्या तर प्रत्येक पट्टीत लांबच लांब दोरे राहतात आणि चावताना ते ताणले जातात. रेषांना आडवं कापलं की दोरे आखूड होतात, तेच चिकन मऊ लागतं. मसाला, सोडा, अंडं यांच्यापेक्षा या एका गोष्टीने जास्त फरक पडतो. पट्ट्या अर्धा सेंटीमीटर जाड आणि 4-5 सेंटीमीटर लांब असाव्यात. चिकन हातातून निसटत असेल तर 20-25 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. अर्धवट कडक झालं की सारख्या जाडीचे तुकडे पडतात. जाड-बारीक असले तर बारीक तुकड्यांचं लाकूड होतं आणि जाड तुकडे आतून कच्चे राहतात.

भाज्या आधी चिरून बाजूला ठेवा, चिकन शेवटी. उलटं केलं तर त्याच इळ्यावर, त्याच पाटावर कच्च्या चिकनचा रस काकडी-कांद्याला लागतो, आणि काकडी काही शिजवायची नसते.

ओलं चिकन

नळाखाली धो-धो धुतल्याने चिकनवरचे जंतू मरत नाहीत. शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. ते मरतात शिजण्याने. तरी धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर गंजात (पातेल्यात) पाणी घेऊन हलक्या हाताने विसळा आणि मग स्वच्छ सुती फडक्याने खरंच कोरडं करा. चाळणीत पाच मिनिटं निथळलं म्हणजे कोरडं झालं असं नाही. तुकडा दाबल्यावर बोट ओलं होता कामा नये. फडकं लगेच उकळत्या पाण्यात टाका.

मग तुकड्यांना लावायचं ते असं: सोया सॉस 1 मोठा चमचा, कॉर्नफ्लोर 2 छोटे चमचे, तेल 1 मोठा चमचा, मिरपूड अर्धा छोटा चमचा. छातीचं चिकन असेल तर वर खायचा सोडा पाव छोटा चमचा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. सोड्यामुळे मांसाचा वरचा थर अल्कधर्मी होतो, त्यातली प्रथिनं तापल्यावर एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि आतलं पाणी आतच राहतं. सोडा जास्त पडला तर मात्र साबणासारखी चव येते, म्हणून चमचा सपाट करून मोजा. कॉर्नफ्लोरचा पातळ थर कढईत लगेच धरतो आणि तुकड्याभोवती पांघरूण होतो. सॉसही त्याला नीट चिकटतो.

दही लावू नका. तंदुरीला ते छान, पण इथं त्याचं पाणी सुटून आपण जिथून निघालो तिथंच परत येतो.

अर्धवट तापलेली कढई

सगळ्यात जास्त स्टर-फ्राय इथं फसतात.

मांसाला तपकिरी रंग आणि भाजल्याची चव येते ती साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे. पाणी मात्र 100 अंशांवर उकळतं, आणि कढईत पाणी आहे तोवर त्याखालचा तुकडा 100 च्या फार वर जात नाही. शिवाय शून्यापासून उकळीपर्यंत पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. घरच्या बर्नरमध्ये एवढा जोर नसतो. म्हणून एकदा पाणी साचलं की कढई हरते.

जाड बुडाची लोखंडी किंवा बिडाची कढई घ्या. ती उष्णता साठवून ठेवते, गार चिकन पडलं तरी एकदम थंड पडत नाही. जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) पातळ कढई मधोमध करपते आणि कडेला थंड राहते. नॉनस्टिक भांडं रिकामं मोठ्या आचेवर तापवायचं नसतं, त्यामुळे ते या कामातून बाद. लोखंडी कढई रिकामी, मोठ्या बर्नरवर, तीन मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाका. तो फस्सकन जागीच उडून गेला तर अजून थांबा. मोत्यासारखा गोळा होऊन इकडेतिकडे पळाला की कढई तयार. आता तेल घाला, कढई फिरवून कडांना लावा, आणि धुराची पहिली बारीक रेघ दिसली की चिकन टाका.

तेल रिफाइंड सोयाबीनचं किंवा सरकीचं चालतं. दोन्ही 220 अंशांच्या आसपासपर्यंत धूर सोडत नाहीत. घाण्याचं शेंगदाणा तेल चवीला वरचढ असलं तरी 160 अंशांच्या सुमारास धुरायला लागतं, त्यामुळे ते शेवटी चमचाभर वरून घ्यावं. जवसाचं तेल तर कढईत नकोच. ते चटणीवर घ्यायचं.

चुलीवर करणार असाल तर खरं म्हणजे तुमची बाजू गॅसवाल्यापेक्षा भक्कम आहे, फक्त लाकूड नीट निवडा. बाभळीचा निखारा रश्श्याला उत्तम: सारखी, खोल, टिकणारी आच. स्टर-फ्रायला निखारा कमी पडतो, जाळ लागतो. कढई बाभळीवर तापवून घ्या आणि चिकन टाकायच्या क्षणी तुराट्या सारा. तुरीच्या वाळक्या काड्या भस्सकन पेटतात, जाळ कढईच्या कडेपर्यंत चढतो. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्याही चालतात, त्या थोड्या जास्त वेळ टिकतात. पण तुराटी जेवढ्या लवकर पेटते तेवढ्याच लवकर संपते, म्हणून वीतभर लांबीच्या मोडून हातभर अंतरावर रचून ठेवा. मधेच उठून सरपणाच्या ढिगाकडे जावं लागलं की तेवढ्यात पाणी सुटतंच. एकजण चुलीत सारायला आणि एकजण सराट्यावर (उलथन्यावर) असेल तर अगदी सोयीचं.

अर्धा किलो एकदम

भूक लागलेली असते, पोरं ताटं घेऊन बसलेली असतात, म्हणून सगळं चिकन एकदम कढईत जातं. 500 ग्रॅमचे दोन घाणे करा, कढई लहान असेल तर तीन. तुकडे एकाच थरात पसरा आणि मग 45 ते 60 सेकंद हात लावू नका. टाकल्या टाकल्या ढवळलं की तुकडा बुडाला चिकटतो. खालची बाजू भाजली की तो आपोआप सुटतो. मग उलटून दीड-दोन मिनिटं सतत परता आणि थोडं कमी शिजलेलं असतानाच ताटात काढा, कारण ते पुन्हा कढईत जाणार आहे. पुढच्या घाण्याआधी कढई परत मिनिटभर तापू द्या.

कानही उघडे ठेवा. आवाज कोरडा, तिखट चर्रर्र असला की सगळं ठीक. जड, ओला होऊ लागला की पुढचं काही टाकू नका, जाळ वाढवा. झाकण तर या सगळ्यात कुठेच नाही. झाकलं की वाफ परत कढईतच गळते.

लसण, तिखट आणि सावजीचा मोह

बारीक चिरलेला लसण धुरकट तेलात दहा सेकंदांत काळा पडतो आणि कडवट होतो. म्हणून चिकन काढल्यावर आच थोडी कमी करा, चमचाभर तेल घाला, लसण-अद्रक 15-20 सेकंद परता आणि वास उठला की लगेच भाजी टाका. अद्रक-लसणाची पेस्ट नको, तिच्यातही पाणी असतं आणि ती बुडाला धरते.

लाल तिखट तापल्या तेलात कधीच टाकू नये, ते सॉसमध्ये कालवावं. तेलात टाकायची ती अख्खी वाळकी मिरची, दोन तुकडे करून, बिया झटकून. भिवापूरची मिळाली तर रंगही येतो आणि ठसकाही. सावजी मसाला किंवा काळा मसाला मात्र ठेवून द्या. त्यांचा कच्चा वास जायला तेलात बराच वेळ परतावं लागतं आणि तेवढा वेळ इथं नाही. दोन मिनिटांत ते नुसते कचकचीत लागतात.

भाज्या

क्रम कडक ते मऊ. गाजर, फरसबी आधी, दोन मिनिटं. मग ढोबळी मिरची आणि जाडसर कोबी, एक-दीड मिनिट. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग यांच्यासोबत, हिरवी पात अगदी शेवटी. भाज्या तासभर आधी धुऊन पसरून ठेवा. टमाटर घालू नका, मीठही भुरभुरू नका. दोन्हींनी पाणी सुटतं. वरून सांबार (कोथिंबीर) हवा तर घाला, गरज नाही.

सॉस

कढई तापत असताना बाटल्या उघडत बसू नका. आधीच वाटीत सोया सॉस दीड मोठा चमचा, व्हिनेगर 1 छोटा चमचा, किसलेला गूळ 1 छोटा चमचा, कॉर्नफ्लोर 1 छोटा चमचा आणि पाणी 4 मोठे चमचे कालवून ठेवा. संत्र्याच्या दिवसांत दोन चमचे पाण्याऐवजी संत्र्याचा रस घातला तर गूळ अर्धा करा. आंबिया बहाराची आंबट-गोड संत्री याला फार जमतात.

कॉर्नफ्लोर वाटीच्या बुडाशी बसतं. ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळलं नाही तर आधी नुसतं पाणी पडतं आणि मागून गुठळी. चिकन भाज्यांत परत टाका, सॉस कढईच्या कडेने सोडा आणि 40-60 सेकंद परता. पांढुरकेपणा जाऊन चकाकी आली की झालं. सगळ्यात जाड तुकडा मोडून पाहा: आत गुलाबी नको, रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर 74 अंश.

मीठ? वेगळं नको. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं आणि आपण अडीच चमचे घातले आहेत. पोळी किंवा भाकरीसोबत खायचं असेल तर सॉसमधलं पाणी निम्मं करा. भातासोबत आहे तसं चालतं.

बिघडलंच तर

पाणी सुटलं असेल तर चिकन त्यात आटवत बसू नका. झाऱ्याने तुकडे बाहेर काढा, पाणी एकटंच मोठ्या आचेवर आटवा आणि साध्या पाण्याऐवजी सॉसमध्ये वापरा. खारट झालं तर मूठभर कोबी आणखी परतून मिसळा, लिंबू पिळा, सोबत अळणी भात घ्या. बटाटा टाकून उपयोग नाही. तो खारट पाणी पितो, उरलेलं तेवढंच खारट राहतं. लसण करपला तर कढई पुसा आणि नव्याने फोडणी करा. चिकन ताटात वेगळं काढलेलं असल्यामुळे ते वाचतं.

बाजारापासून कढईपर्यंत

आठवडी बाजारात चिकन सगळ्यात शेवटी घ्या. कच्चं चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच. आपल्याकडे मार्चपासून दुपारी तो वरच असतो. स्टीलच्या डब्यात, ओल्या पोत्यात गुंडाळून आणा. सोया लावलेलं चिकनही फ्रीजमध्येच ठेवा. लाइट गेलेली असेल तर मुरवत न बसता लगेच परतायला घ्या.

आणि झाल्याबरोबर सगळं दुसऱ्या भांड्यात काढा. व्हिनेगर-सॉसचा पदार्थ लोखंडी कढईत तासभर राहिला की काळपट पडतो आणि जिभेला लोखंडाची चव येते. कढई गरम असतानाच पाण्याने घासा, जाळावर कोरडी करा, तेलाचं बोट फिरवा.