गाडी मेली तरी एअरबॅग जिवंत असते

आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेड संपवून भोसरीतल्या एका बॉडी शॉपला लागलो, त्याच आठवड्यात पहिल्यांदा झाड-झाड झाडला गेलो. एका हॅचबॅकचं स्टिअरिंग उतरवायचं होतं. हॉर्नचा पॅड, म्हणजे ड्रायव्हरची एअरबॅग, सुटी झाली. वरच्या लोगोवर ओरखडा नको म्हणून मी ती मोठ्या शहाणपणाने फडक्यावर पालथी ठेवली. पलीकडच्या रॅम्पखालून अण्णा, आमचे फोरमन, ओरडतच आले. दोन्ही हातांनी पॅड उचलला, अंगापासून लांब धरून उताणा ठेवला आणि मग म्हणाले, "अरे, ओरखडा पडला तर नवीन कव्हर येईल. तुझं थोबाड येईल का नवीन?"

उताणी ठेवलेली बॅग चुकून फुटली तर कापड वर मोकळ्या हवेत फुगतं. दचकायला होतं, कानठळ्या बसतात, एवढंच. पालथी असेल तर कापडाला जागाच मिळत नाही, मग मागचा धातूचा डबा तोफेच्या गोळ्यासारखा वर सुटतो. उचलून नेतानाही तोंड बाहेरच्या बाजूला, एका वेळी एकच, आणि वायरला धरून लोंबकळत तर कधीच नाही.

नवीन पोरांची एक समजूत असते: गाडी बंद, म्हणजे सगळं बंद. इंजिनाच्या बाबतीत ते खरं आहे, एअरबॅगच्या बाबतीत नाही. आत इग्नायटर असतो, ज्याला मिस्त्री लोक स्क्विब म्हणतात. बल्बच्या तारेसारखी बारीक तार, रोध दोनेक ओहमच्या आसपास. त्यातून साधारण सव्वा अँपिअर करंट दोन मिलिसेकंद गेला की ती पेटते, तिच्याने आतलं रसायन पेटतं आणि गॅस नायलॉनच्या पिशवीत भरतो. जुन्या गाड्यांत हे रसायन सोडियम अझाइड असायचं, आता बहुतेक ग्वानिडिन नायट्रेट असतं. पिशवी भरायला साधारण 30 मिलिसेकंद लागतात. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे "फुटायला लागली की हात काढून घेईन" हा विचार डोक्यातून काढून टाका.

बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला असतो. अपघातात बॅटरीच तुटली तरी बॅग फुटावी, म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. म्हणून इग्निशन बंद, दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह टर्मिनल सुटी, तिला फडकं गुंडाळायचं आणि थांबायचं. किती, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. कुठे दीड मिनिट, कुठे तीन, कुठे दहा. अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे आणि तेवढ्यात अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायला लावायचे. दुपारी चारला गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना ती तीन मिनिटं फार लांब वाटतात. माझ्या पाहण्यातली प्रत्येक गडबड त्या तीन मिनिटांतच झाली आहे.

एअरबॅगच्या वायरिंगची खूण म्हणजे पिवळा रंग. पिवळी नळी, वायर जोडणारे पिवळे कपलर. (इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी वायर दिसली तर तो हाय व्होल्टेजचा वेगळा विषय आहे, त्याचं वेगळं ट्रेनिंग घ्या.) पिवळा कपलर सुटला की आतली एक छोटी पत्ती दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते, म्हणजे अंगावरच्या स्टॅटिक करंटने स्क्विब पेटू नये. ती पत्ती वाकवून, टाचणी खुपसून तपासणी करणारे महाभाग मी पाहिलेत. तसंच मल्टिमीटरचं. बॅगच्या पिनांवर ओहम मोजायचा नाही, कारण मीटर रोध मोजायला स्वतःचा करंट सोडतो. चांगल्या डिजिटल मीटरचा करंट किरकोळ असतो, मान्य. पण मीटर चांगला आहे की बिघडलेला, हे बॅग हातात असताना आजमावायचं नसतं. फॉल्ट शोधायला स्कॅनर आहे आणि बॅगच्या जागी लावायला कंपनीचा डमी लोड मिळतो.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंग फिरलं तरी बॅगची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी. तिच्याबद्दल एवढंच: चाकं सरळ करून स्टिअरिंग काढा आणि काढलेली स्प्रिंग बोटाने फिरवत बसू नका. मध्यबिंदू चुकला की पहिल्याच पूर्ण वळणाला आतली पट्टी तुटते आणि एअरबॅगचा लाइट लागतो.

डेंटिंगवाल्यांशी मैत्री ठेवा, कारण खरा धोका त्यांच्याकडून येतो. सीटबेल्टचा प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत पट्टा आवळणारा भाग, तोही स्फोटक दारूवरच चालतो, आणि बी-पिलरवर, म्हणजे दोन दारांमधल्या खांबावर गॅस वेल्डिंग करणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. मधल्या कन्सोलखाली कंट्रोल युनिट असतं, बॅटरी लावलेली असताना त्याच्या आजूबाजूला हातोडा चालवायचा नाही.

आता एका रेझिस्टरची, म्हणजे ठरावीक रोध देणाऱ्या छोट्या भागाची गोष्ट. मोशीचा एक गिऱ्हाईक सेकंडहँड सेडान घेऊन आला, तक्रार एवढीच की हॉर्न वाजत नाही. चावी फिरवली की एअरबॅगचा लाइट लागायचा, काही सेकंदांनी विझायचा. अगदी नियमाप्रमाणे. स्कॅनरवरही फॉल्ट नाही. पॅड उघडला तर आत बॅगच नव्हती. पिवळ्या कपलरमध्ये दोन ओहमचा रेझिस्टर, वर काळी टेप, आणि कव्हर गोंदाने चिकटवलेलं. युनिटला रोध बरोबर दिसत होता, त्यामुळे त्याने बॅग आहे असं समजून घेतलं. दोन पोरांचा बाप होता तो माणूस. विकणाऱ्याला फोन लावला तर त्याने उचललाच नाही.

तेव्हापासून मी लाइटवर भरवसा ठेवत नाही. स्टिअरिंगच्या कव्हरची आणि डॅशबोर्डची छटा जुळते का, पुढच्या डॅशची शिवण नंतर घासलेली आहे का, पट्टा ओढला की सुरळीत येतो की अडकतो, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं. भंगार बाजारातली बॅग बसवून द्या म्हणणारे आठवड्याला एक-दोन येतात. नाही म्हणायचं. ती कुठल्या पुरातून निघाली, किती पावसाळे उघड्यावर पडली, कोण सांगणार? ओलाव्याचं काय होतं ते ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरांनी, म्हणजे बॅगेत गॅस भरणाऱ्या डब्यांनी जगाला दाखवलं. त्यांच्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेने खराब झालं, गरजेपेक्षा जोरात जळायला लागलं आणि धातूच्या डब्याचेच तुकडे माणसांना लागले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणून कोकणातली दहा-बारा वर्षांची गाडी समोर आली की मी आधी चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का बघतो, मग पाना हातात घेतो.

तीन वर्षांनी मी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात आलो. अशा केंद्रांचे नियम 2021 मध्ये आले. माझं काम गाडी दाबायच्या किंवा कापायच्या आधीचं: तेलं, कूलंट, एसीचा गॅस, बॅटरी आणि एअरबॅगा. गॅस कटरची ज्योत न फुटलेल्या बॅगपर्यंत गेली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

जमेल तिथे बॅग गाडीतच फोडतो. काचा बंद, आजूबाजूला माणूस नाही, दहा मीटर लांब वायर, टोकाला फायरिंगचं स्विच. वायरची आमची बाजू आधी शॉर्ट करून, म्हणजे तिच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून ठेवायची, मग गाडीकडे जाऊन कपलर जोडायचा. हा क्रम उलटा केला तर तुम्ही बॅगशेजारी आणि बॅटरी दुसऱ्याच्या हातात. पहिल्यांदा मी बटण दाबलं तेव्हा सुतळी बॉम्बसारखा दणका झाला, गाडी जागेवर हलली आणि काचेआड पांढरं धुकं भरलं. मी दार उघडायला धावलो, सुपरवायझरने कॉलर धरून मागे ओढलं. डबा चटका बसेल इतका तापलेला असतो, अर्धा तास हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही. भुकटीने डोळे आणि घसा चुरचुरतो, त्यामुळे गॉगल, मास्क, हातमोजे, आणि नंतर साबणाने हात.

आणि फुटलेली बॅग संपली असं धरायचं नाही. कित्येक गाड्यांत दोन स्टेजच्या बॅगा असतात, एकाच पॅडला दोन स्क्विब. हळू धडकेत एकच पेटलेला असू शकतो. पॅडच्या मागे कपलर किती, ते मोजा. दोन असतील तर दोन्ही फायर करा, मगच पत्र्यावर पेंटने फुली मारा.

न फुटलेली बॅग एसटी पार्सलने गावाला पाठवता येईल का, असं एकाने विचारलं होतं. नाही. वाहतुकीच्या नियमांत ती घातक माल धरली जाते, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत यूएन 3268, नववा वर्ग.

या लाइनीत यायचं असेल तर काम भरपूर आहे. 2019 पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची आणि 2021 मध्ये शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली, आणि त्या गाड्या आता दुरुस्तीला यायला लागल्यात. मुलाखतीला जाल तेव्हा पगार विचारण्याआधी एकदा शॉपमध्ये चक्कर मारा आणि काढलेल्या बॅगा कुठे ठेवतात ते बघा. कुलूपबंद कपाटात, उताण्या, एकेरी थरात असतील तर बसा. थिनरच्या डब्यांशेजारी एकावर एक रचलेल्या दिसल्या, तर चहा पिऊन निघा.