मुलाची ‘इम्युनिटी कमी’ असेल तर या चुका टाळा

‘सारखा आजारी पडतो, इम्युनिटी कमी दिसते.’ हे निदान डॉक्टरांच्या आधी नातेवाईक करून मोकळे होतात. पुढचं वाक्यही ठरलेलं: ‘इम्युनिटी वाढवायचं काहीतरी द्या.’ या दोन वाक्यांच्या मधला प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. नेमकं काय कमी आहे, आणि कशामुळे? आमच्या घरात तो प्रश्न विचारायला दोन वर्षं आणि दोन न्यूमोनिया लागले. माझा मुलगा आता दर चार आठवड्यांनी सलाईनमधून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं (अँटिबॉडीज), घेतो. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यातल्या निम्म्या तरी मी स्वतः केलेल्या आहेत.

सर्दी मोजत बसणं

लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे. पाळणाघरात किंवा बालवाडीत जायला लागल्यावर हा आकडा दहा-बारावर जातो. एकेक सर्दी दहा दिवस चालली, तर वर्षातले तीन-चार महिने नाक गळतच असणार. असं मूल मधल्या काळात खेळत असेल, वजन वाढत असेल, तर त्याची प्रतिकारशक्ती शिकते आहे एवढाच त्याचा अर्थ.

संख्येपेक्षा आजाराचा प्रकार बघा. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फरक न पडणं, खोलवरचे गळू पुन्हापुन्हा होणं, तोंडातली बुरशी न हटणं, हे वेगळं आहे. त्यातही तीन गोष्टी सगळ्यांत जड: वजन न वाढणं, शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागणं, आणि घराण्यात कुणाला असा आजार असणं किंवा एखादं बाळ लहानपणीच संसर्गाने दगावलेलं असणं. शेवटची गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगा. घरात ती बोलली जात नाही आणि केसपेपरवर येत नाही.

रिपोर्टवरचा बाण बघून निश्चिंत होणं, किंवा घाबरणं

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आम्ही इथेच फसलो.

लॅबच्या कागदावर उजवीकडे जी ‘नॉर्मल’ पट्टी छापलेली असते, ती बरेचदा मोठ्या माणसांची असते. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, एकूण पांढऱ्या पेशी ६,००० आणि त्यातल्या लिम्फोसाइट या प्रकारच्या पेशी ३० टक्के असतील, तर लिम्फोसाइटची खरी संख्या १,८०० झाली. मोठ्या माणसाला ती पुरेशी. चार महिन्यांच्या बाळाला ती फार कमी. या वयात आकडा ३,०००च्या खाली असेल, तर ‘सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी’ म्हणजे एससीआयडी हा प्रतिकारशक्तीचा गंभीर जन्मजात आजार नाही ना, हे बघावंच लागतं. कागदावर मात्र बाण नसतो. टक्केवारी वाचून थांबू नका, गुणाकार करा.

उलटंही घडतं. पाच महिन्यांच्या बाळाचं आयजीजी (रक्तातलं मुख्य प्रतिपिंड) ३०० आलं की कागदावर लाल बाण येतो आणि घरात रडारड. आईकडून गर्भात मिळालेली प्रतिपिंडं तीन ते सहा महिन्यांत संपत येतात, बाळाची स्वतःची अजून पुरेशी तयार होत नाहीत. त्या दरीत हा आकडा खालीच असतो. काही मुलांमध्ये ही दरी लांबते आणि दोन-चार वर्षांची होईपर्यंत आपोआप भरते. म्हणून एकच प्रश्न विचारा: ‘ही पट्टी याच्या वयाची आहे का?’

आणखी एक. दीड वर्षाच्या आतल्या बाळाची एचआयव्हीची अँटिबॉडी चाचणी आईच्या प्रतिपिंडांमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे विषाणू शोधणारी पीसीआर चाचणीच लागते. ज्या मुलाला प्रतिपिंडं बनवताच येत नाहीत त्याच्यात उलट फसगत होते, संसर्ग असूनही अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह.

कारण न शोधता ‘बूस्टर’ सुरू करणं

प्रतिकारशक्ती म्हणजे एक टाकी, ती खाली गेली की भरायची, असं आपण धरून चालतो. तिचे भाग वेगवेगळे आहेत: प्रतिपिंडं आणि ती बनवणाऱ्या बी-पेशी, संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी, जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं. जन्मजात बिघाडांचे साडेचारशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. शिवाय दुय्यम कारणं आहेत: कुपोषण, एचआयव्ही, केमोथेरपी, दीर्घकाळ स्टिरॉइड, लघवीतून प्रथिनं वाहून जाणारा नेफ्रोटिक सिंड्रोम, प्लीहा काढलेली असणं. कुपोषणात अन्न हेच औषध आहे. झिंक किंवा जीवनसत्त्व कमी असेल तर ते देऊन फायदा होतो. पण ज्याच्याकडे बी-पेशीच नाहीत, त्याने बाटलीभर सिरप पिऊनही त्या उगवत नाहीत. अवयव प्रत्यारोपण झालेल्या मुलाची प्रतिकारशक्ती तर मुद्दाम दाबून ठेवलेली असते. तिथे ती ‘वाढवणारं’ काही देणं म्हणजे डॉक्टरांच्या विरुद्ध बाजूने दोरी ओढणं.

‘निरुपद्रवी’ प्रोबायोटिकचंही तसंच. प्रतिकारशक्ती फारच क्षीण असलेल्या मुलांमध्ये त्यातलेच जिवाणू किंवा यीस्ट रक्तात उतरल्याची उदाहरणं आहेत. विचारल्याशिवाय देऊ नका.

लसींबाबत दोन्ही टोकं

एक टोक म्हणजे ‘आधीच अशक्त आहे, लस नको’. मृत जंतूंच्या लसी या मुलांना सुरक्षित असतात, प्रतिसाद कमी मिळाला तरी. दुसरं टोक जास्त घातक: लसीकरणाच्या तक्त्यात आहेत म्हणून सगळ्या देणं. बीसीजी, तोंडाने द्यायचे पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, गोवर आणि कांजिण्यांच्या लसींत जिवंत, दुबळे केलेले जंतू असतात. एससीआयडीच्या बाळात बीसीजीचा जंतूच शरीरभर पसरू शकतो. घरात आधी असं बाळ गेलं असेल, तर नव्या बाळाला जिवंत लस देण्याआधी तपासणी. जोरदार स्टिरॉइड दोन आठवडे किंवा जास्त चाललं असेल, तर थांबवल्यावर किमान महिनाभर जिवंत लस नाही. आणि स्टिरॉइड स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, हे जाता जाता.

घरातल्या इतरांनी मात्र लसी घ्याव्यात, फ्लूची दरवर्षी. अपवाद पोलिओच्या थेंबांचा. तो विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो, म्हणून भावंडांना इंजेक्शनची पोलिओ लस.

ताप दाबून सकाळची वाट बघणं

केमोथेरपी चालू असताना किंवा न्यूट्रोफिल ५००च्या खाली असताना ३८.३ अंश सेल्सिअस ताप एकदा आला, किंवा ३८ तासभर टिकला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेत जायला हवं. आधी पॅरासिटामॉल देऊन ‘उतरतोय का बघू’ म्हणाल, तर आकडा उतरेल आणि संसर्ग तसाच राहील. ताप काखेत किंवा कानात मोजा, गुदद्वारात नाही.

उपचार चालू आहेत, तरी काहीतरी बिनसतंय

१९५२ साली ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी बालरोगतज्ज्ञाकडे रक्तात वारंवार जंतुसंसर्ग होणारा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याच्या रक्तात गॅमाग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं असलेली प्रथिनं, जवळजवळ नव्हतंच. ब्रूटनने ते त्वचेखाली टोचायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. आज माझा मुलगा घेतो ते तेच, हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं. पण टोचलेलं आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं. ‘या महिन्यात बरा आहे, पुढच्या महिन्यात घेऊ’ हे आम्ही एकदा केलं. तो बरा होता ते मागच्या डोसमुळे.

दर वेळी डोसच्या आधीचा शेवटचा आठवडा जड जात असेल, तर डोसआधीची आयजीजी पातळी तपासून घ्या आणि मुलाचं आजचं वजन सांगा. डोस साधारण किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम असतो. मूल वाढतं, फाइलमधला आकडा मात्र तसाच राहतो. आमच्या मुलाचं चार किलो वजन वाढलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सलाईन चालू असताना डोकं दुखलं तर वेग कमी करायला सांगा, आदल्या दिवसापासून पाणी भरपूर द्या. कंपनी आणि बॅच क्रमांक वहीत लिहून ठेवा. शिरा सापडेनाशा झाल्या असतील, तर त्वचेखाली घरीच घ्यायचा साप्ताहिक पर्याय विचारा.

प्रतिपिंडांवर आधारित कुठलीही तपासणी पहिल्या डोसच्या आधी उरकून घ्या. नंतर रिपोर्टमध्ये मुलाची नाही, दात्यांची प्रतिपिंडं दिसतात.

टी-पेशींच्या गंभीर बिघाडात इम्युनोग्लोब्युलिन पुरत नाही, अस्थिमज्जा प्रत्यारोपण लागतं, आणि तिथे उशीर हीच चूक. वयाच्या साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेली एससीआयडीची बाळं बहुसंख्येने जगतात, संसर्ग मुरल्यावर ती शक्यता घटते. काही प्रकारांत जनुकीय उपचारही आहेत. तोवर कोट्रायमॉक्साझोलसारखं प्रतिबंधक औषध चालू असतं. मूल ठणठणीत दिसतंय ते त्यामुळेच, म्हणून चुकवू नका.

काचेत ठेवणं

निदानानंतर आम्ही सहा महिने त्याला कुणाच्या वाढदिवसालासुद्धा पाठवलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘याला शाळेत का नाही घातलं?’ प्रत्यारोपणाच्या आसपास एकांत लागतो. पण उपचारावर स्थिर असलेल्या बहुतेक मुलांना हात धुणं, नीट शिजलेलं अन्न, न तापवलेलं दूध टाळणं एवढं पुरतं. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज (गिळलेले जंतू पेशींना मारता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी मात्र कुजलेला पालापाचोळा आणि खताच्या ढिगापासून लांब राहायचं, त्यातली बुरशी फुप्फुसात जाते.

तो आता शाळेत जातो. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक कार्ड असतं: निदानाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, किती तापाला फोन करायचा, कोणत्या लसी द्यायच्या नाहीत. टी-पेशींचा बिघाड असलेल्यांच्या कार्डावर आणखी एक ओळ लागते: रक्त चढवायचं झालं तर ते इरेडिएट केलेलंच, म्हणजे किरणांनी दात्याच्या पांढऱ्या पेशी निष्क्रिय केलेलं.